अक्सुमच्या ऱ्हासाचे खापर एकाच माथी नको

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत आफ्रिकेतील प्राचीन राज्यांवर आलेला लेख वाचला. हा विषय मराठी वृत्तपत्रांत क्वचितच येतो, आणि गोव्यात तर आफ्रिका म्हटले की मोझांबिकच्या पलीकडे आपली दृष्टी सहसा जात नाही; त्यामुळे लेखकाचे आणि आपले आधी मनापासून अभिनंदन. मात्र उत्तर इथिओपियातील अक्सुमच्या साम्राज्याविषयी त्यात जे दोन परिच्छेद आहेत, त्यांत उदयाची कथा एका वाक्यात उरकली आहे आणि ऱ्हासाचे कारण 'इस्लामच्या उदयाबरोबर हे ख्रिस्ती राज्य नामशेष झाले' एवढ्यावर भागवले आहे. उपलब्ध पुराव्याशी हे विधान जुळत नाही. ज्या राज्याच्या बंदरात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे कापड उतरत होते, त्याचा शेवट इतक्या ढोबळपणे सांगितला जावा हे खटकले, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची जाणीव आहे. काटछाट करण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे.

अक्सुम हे शहर आजच्या इथिओपियाच्या तिग्राय प्रांतात, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीच्या पठारावर आहे, आणि त्याचे बंदर अदुलिस हे तांबड्या समुद्रावर, आज जेथे एरित्रिया हा देश आहे तेथे, झुलाच्या आखाताजवळ होते. वरच्या थंड पठारावर गहू, जव आणि तेफ पिकत, बैलांच्या नांगराने शेती होई आणि त्या धान्यावर राजा, सैन्य व कारागीर पोसले जात. खालच्या उष्ण किनाऱ्यावरून जगाशी देवघेव चाले. घाट आणि कोकणपट्टी यांचे नाते रोज पाहणाऱ्या वाचकांना या व्यवस्थेचे बळ आणि तिची नाजूक बाजू, दोन्ही चटकन कळतील.

इ. स. पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत अदुलिसचे वर्णन आहे. किनाऱ्यावरून हल्ले होत असल्यामुळे जहाजे समोरच्या डोंगराळ बेटाच्या आडोशाला नांगर टाकत. बंदरापासून तीन दिवसांच्या वाटेवर कोलोए हे हस्तिदंताच्या व्यापाराचे गाव लागे आणि तेथून आणखी पाच दिवसांनी अक्सुम येई. नाईल नदीच्या पलीकडून आणलेले हस्तिदंत आधी या राजधानीत गोळा होई आणि मग खाली बंदराकडे जाई. हस्तिदंत, गेंड्याची शिंगे आणि कासवाचे कवच ही निर्यात होती. या प्रदेशावर राज्य करणाऱ्या झोस्कालेस राजाविषयी पेरिप्लसचा लेखक म्हणतो की तो ग्रीक विद्येत पारंगत होता, पण वृत्तीने कंजूष आणि नेहमी अधिकाची हाव धरणारा होता. बंदरातली जकात भरून वैतागलेल्या व्यापाऱ्याचे हे मत असावे, असा माझा तर्क आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती आयातीची यादी. इजिप्तकडून कापड, काचेच्या वस्तू, पितळ, तांबे आणि थोडीशी दारू व तेल येई. परंतु भारतातील 'अरियाके' या प्रदेशातून, म्हणजे बहुसंख्य अभ्यासकांच्या मते गुजरात आणि उत्तर कोकणाच्या बाजूने, लोखंड व पोलाद, रुंद पन्ह्याचे सुती कापड, कमरपट्टे, तलम वस्त्रे आणि लाख येत असे. याच ग्रंथात भडोच, सोपारा आणि कल्याण ही नावे आहेत. तांबड्या समुद्रातून निघालेली जहाजे जुलैच्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर आपल्याकडे येत आणि वारा फिरल्यावर परतत. अरबी समुद्रातील सोकोत्रा बेटावरील होक गुहेत २००१ साली गुहासंशोधकांना जे कोरीव लेख सापडले त्यांतले बहुतेक ब्राह्मी लिपीतले आहेत, भारतीय खलाशांनी व व्यापाऱ्यांनी आपली नावे तेथे कोरून ठेवली आहेत, आणि त्यांच्याच शेजारी अक्सुमच्या लिपीतली काही नावेही आहेत. एकाच अंधाऱ्या गुहेच्या भिंतीवर भडोचचा माणूस आणि अक्सुमचा माणूस आपली खूण ठेवून जातात, याहून थेट पुरावा तो कोणता?

तिसऱ्या शतकापर्यंत अक्सुमची गणना मोठ्या सत्तांत होऊ लागली होती. इराणमध्ये धर्म स्थापन करणाऱ्या मानीच्या नावावर असलेल्या शिकवणीत जगातील चार थोर राज्यांची मोजदाद आहे, आणि त्यांत इराण व रोम यांच्या जोडीला अक्सुमचे नाव येते. याच शतकात, इ. स. २७० च्या सुमारास, एंडुबिस राजाने स्वतःच्या नावाचे सोन्याचे नाणे पाडण्यास सुरुवात केली. त्या काळी स्वतःचे सुवर्णनाणे चालवणारी राज्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती, आणि सहाराच्या दक्षिणेला तर हे पहिलेच.

ही नाणी जरा जवळून पाहण्यासारखी आहेत. आकाराने ती आपल्या रुपयाच्या नाण्याहून बरीच लहान. मध्ये राजाचा एका बाजूने दिसणारा चेहरा, डोक्याला घट्ट बांधलेले वस्त्र, आणि चेहऱ्याच्या दोन्ही अंगांना धान्याचे एकेक कणीस. रोमचे अनुकरण करता करता आपण शेतकऱ्यांचे राजे आहोत हे सांगण्याची ही रीत मला फार आवडते. वरच्या बाजूस चंद्रकोर आणि बिंब. सोन्याच्या नाण्यांवरचा मजकूर ग्रीकमध्ये असे, कारण ती परदेशी व्यापाऱ्यांच्या हातात जायची, तर चांदीच्या व तांब्याच्या नाण्यांवर हळूहळू गीझ ही देशी भाषा आली. काही चांदीच्या नाण्यांवर राजाच्या मस्तकाभोवती आणि काही तांब्याच्या नाण्यांवर क्रुसाच्या मधोमध सोन्याचा बारीकसा मुलामा दिलेला आढळतो. हे काम एकेका नाण्यावर वेगळे करावे लागत असणार, आणि हलक्या चलनावर एवढी मेहनत घेणारी दुसरी टांकसाळ त्या काळात दिसत नाही. चौथ्या शतकातील एका तांब्याच्या नाण्यावर 'हे लोकांना पसंत पडो' अशा अर्थाचे शब्द आहेत.

चौथ्या शतकाच्या मध्यास एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नाण्यावरची चंद्रकोर जाऊन तेथे क्रूस आला. टायर येथील फ्रुमेंटियस हा त्याच्या दरबारातला माणूस. अलेक्झांड्रियाचा धर्मप्रमुख अथानासियस याने त्याला बिशप म्हणून दीक्षा दिली. म्हणजे पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला त्याच्या सुमारे पावणेबाराशे वर्षे आधीपासून हा देश ख्रिस्ती होता, आणि तरीही सोळाव्या शतकात जेझुइट पाद्री गोव्याहून तेथे गेले ते या लोकांना 'खऱ्या' पंथात आणण्यासाठी! असो, तो विषय वेगळा आहे.

साम्राज्याच्या भरभराटीच्या काळाचे सर्वांत जिवंत चित्र कोस्मास या व्यापाऱ्याने रेखाटले आहे. तो सहाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात अदुलिसला होता. अक्सुमचे सोने कुठून येते हे तो सांगतो ते असे: राजा आपल्या अगाऊ प्रांतातील अधिकाऱ्यामार्फत सासू नावाच्या प्रदेशाकडे माणसे धाडतो, त्यांच्याबरोबर इतर व्यापारीही जातात आणि तांडा पाचशेहून मोठा होतो. बरोबर बैल, मिठाचे तुकडे आणि लोखंड असते. तेथे पोचल्यावर ते काटेरी झुडपांचे मोठे कुंपण घालून आत राहतात, बैल कापतात आणि मांस, मीठ व लोखंड काट्यांवर मांडून ठेवतात. स्थानिक लोक येतात आणि ज्या वस्तूवर मन बसेल तिच्यावर सोन्याचे वाटाण्याएवढे गोळे ठेवून दूर होतात. मालकाला किंमत पटली तर तो सोने उचलतो आणि तो माणूस येऊन आपली वस्तू घेऊन जातो. पटली नाही तर सोने तसेच ठेवले जाते, मग देणारा त्यात भर घालतो किंवा ते घेऊन निघून जातो. एक शब्दही न बोलता हा बाजार पाच दिवस चालतो, आणि जाऊन येऊन सहा महिने लागतात. परतीच्या वाटेवर लुटारूंची भीती असल्याने सगळे शस्त्रे घेऊन चालतात, आणि पावसाळ्यात नद्या भरून वाट बंद होण्याआधी घाईने परततात.

याच कोस्मासने लिहून ठेवले आहे की अक्सुमचे व्यापारी ब्लेमी टोळ्यांकडून पाचू घेत, तो भारतात नेऊन विकत आणि आलेल्या पैशातून माल खरेदी करत. कल्याणला त्याने ख्रिस्ती वस्ती व इराणात दीक्षा घेतलेला बिशप असल्याचे नोंदवले आहे, आणि तेथून पितळ, लाकूड व कापड बाहेर जात असल्याचेही. उलट दिशेचा पुरावाही आहे. तिग्रायमध्ये देब्रे दामो हा मठ अशा सरळ कड्यावर आहे की आजही वर जायचे तर दोराला धरूनच चढावे लागते. त्या मठाच्या परिसरात १९४० साली कनिष्क, हुविष्क आदी कुषाण राजांची शंभरावर सुवर्णनाणी एका पेटीत मिळाली. अक्सुमची सुवर्णनाणीही दक्षिण भारतात सापडली आहेत.

आता ऱ्हासाकडे वळतो, कारण माझा मुख्य आक्षेप तेथेच आहे.

पडझडीची सुरुवात शोधायची तर ती मुहंमद पैगंबरांच्या जन्माआधीच, आणि तीही विजयाच्या पोटात सापडते. येमेनमधील हिम्यर राज्याच्या यहुदी धर्म स्वीकारलेल्या राजाने ५२३ साली नजरान येथील ख्रिस्ती लोकांची कत्तल केली, तेव्हा कालेब राजाने बायझंटियमच्या, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, पाठबळाने ५२५ साली समुद्र ओलांडून येमेन जिंकले. काही वर्षांनी सम्राट जस्टिनियनने अक्सुमला वकील पाठवून असे सुचवले की तुम्ही भारतातून रेशीम विकत घ्या आणि आम्हांला विका, म्हणजे तुमचा फायदा होईल आणि आमचा पैसा शत्रूच्या, म्हणजे इराणच्या घशात जाणार नाही. ही योजना का फसली, हे इतिहासकार प्रोकोपियसने दोन ओळींत सांगितले आहे: भारतीय जहाजे ज्या बंदरांत प्रथम लागत, ती इराणच्या शेजारची असल्यामुळे इराणी व्यापारी सगळाच्या सगळा माल तेथेच उचलत. अक्सुमच्या व्यापाराची मर्यादा या एका नोंदीत उघडी पडते. तांबड्या समुद्राच्या तोंडावर त्याची सत्ता होती, पण भारताकडून येणाऱ्या मालाचा पहिला ग्राहक होणे त्याच्या हातात नव्हते.

येमेनही टिकले नाही. कालेबच्या सैन्यातलाच अब्राहा तेथे स्वतंत्र राजा होऊन बसला. ५४८ सालच्या त्याच्या शिलालेखात मारिबच्या धरणाच्या दुरुस्तीची नोंद आहे. पुढे ५७० च्या दशकात इराणने येमेन ताब्यात घेतले आणि अरबस्तानचा दक्षिण किनारा अक्सुमच्या हातातून कायमचा गेला. मधल्या काळात, ५४१ पासून, इजिप्त आणि भूमध्य समुद्राच्या बंदरांना प्लेगने ग्रासले होते. सातव्या शतकाच्या आरंभी बायझंटियम आणि इराण यांच्यात जे दीर्घ युद्ध पेटले त्यात इजिप्तही काही वर्षे इराणकडे गेले. हस्तिदंताची आणि सुगंधी द्रव्यांची जी गिऱ्हाइके होती, तीच अशी एकामागून एक कोलमडत गेली. नाण्यांवर हे सारे उमटलेले आहे: सोन्याच्या नाण्यांचा कस घटत जातो. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात नाणी पाडणेच थांबते. अरबांची सत्ता इजिप्तमध्ये पक्की होण्याच्या कितीतरी आधीपासून ही उतरण चालू होती, हे लेखकाच्या नजरेतून निसटले आहे.

इस्लामशी अक्सुमचा पहिला संबंध तर आश्रयदात्याचा होता. मक्केत छळ होऊ लागला तेव्हा, ६१५ च्या सुमारास, पैगंबरांच्या अनुयायांचा एक गट समुद्र ओलांडून याच राज्याच्या ख्रिस्ती राजाकडे, म्हणजे नजाशीकडे, आला आणि त्याने त्यांना परत देण्यास नकार दिला. हा प्रसंग मुस्लिम परंपरेत आजही कृतज्ञतेने सांगितला जातो. म्हणून सगळे गोडीगुलाबीने झाले असे मी म्हणणार नाही. आठव्या शतकाच्या सुरुवातीस मक्केजवळच्या जेद्दा बंदरावर हबशी जहाजांचे हल्ले झाले आणि उत्तर म्हणून अरबांनी अदुलिसजवळच्या समुद्रातील दहलाक बेटे घेतली. त्यामुळे किनारा आणखी आवळला गेला. पण निर्णायक ठरला तो धर्मापेक्षा व्यापाराच्या वाटेचा बदल. ७६२ साली बगदाद ही अब्बासी खलिफांची राजधानी वसली आणि भारताकडची जहाजे बसरा व सिराफ या इराणी आखातातल्या बंदरांकडे मोठ्या संख्येने जाऊ लागली. अदुलिसचे महत्त्व त्याआधीच संपत आले होते.

आणखी एक कारण लेखात अजिबात नाही, आणि माझ्या मते तेच सर्वांत विचार करण्यासारखे आहे. भूपुरातत्त्वज्ञ कार्ल बुत्झर यांनी १९८१ मध्ये अक्सुमच्या आसपासच्या मातीच्या थरांवरून असे मांडले की भरभराटीच्या काळात लोकसंख्या वाढली, कोळसा, लोखंड आणि बांधकाम यांसाठी उतारावरची झाडे गेली, सलग शेती झाली, आणि जोरदार पावसाने ती उघडी माती धुऊन नेली. पुढे आठव्या शतकाच्या मध्यानंतर वसंतातला पाऊसही भरवशाचा राहिला नाही. यातल्या प्रत्येक तपशिलावर सर्व अभ्यासकांचे एकमत नाही. तरी जे राज्य पठारावरच्या धान्यावर उभे होते, त्याच्या बंदराचीच चर्चा करून जमिनीविषयी मौन बाळगणे अपुरे आहे. डिचोली आणि सांगे भागांत खाणींच्या मातीने शेते आणि ओहोळ कसे भरले ते पाहिलेल्या वाचकांपुढे तरी हा मुद्दा यायलाच हवा होता.

आपल्याकडे जुन्या गोव्याविषयी असेच होते. कोणी सांगते साथीच्या रोगांनी शहर ओस पडले, कोणी डचांच्या नाकेबंदीकडे बोट दाखवते, कोणी ढासळलेल्या व्यापाराकडे. वस्तुतः या गोष्टी दीडदोनशे वर्षे एकमेकींत गुंतत गेल्या, व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीला राहायला गेले आणि पणजी अधिकृत राजधानी झाली ती थेट १८४३ मध्ये. जो संयम आपण आपल्या शहराच्या बाबतीत बाळगतो, तोच अक्सुमला लावावा इतकीच माझी अपेक्षा आहे.

'नामशेष' हा शब्दही बरोबर नाही. नवव्या शतकातील अरब लेखक याकूबी नजाशीच्या बलवान राज्याचे आणि त्याच्या नव्या राजधानीचे वर्णन करतो; सत्ता दक्षिणेकडे, आतल्या डोंगराळ मुलखाकडे सरकली होती. दहाव्या शतकात एका राणीने हा देश जिंकला असे अरब प्रवासी इब्न हौकल लिहितो. इथिओपियाच्या परंपरेत तिचे नाव गुदित असे आहे आणि चर्च जाळल्याचा दोष तिच्यावर येतो. त्यानंतर झाग्वे घराणे आले आणि लालिबेलाची खडकात कोरलेली चर्च उभी राहिली. अक्सुम हे शहर मात्र पवित्र स्थान म्हणून टिकले. झरा याकोब या सम्राटाने १४३६ साली मुद्दाम तेथे येऊन आपला राज्याभिषेक करवून घेतला. तेथील एकसंध दगडी स्तंभांपैकी सर्वांत मोठा, सुमारे ३३ मीटर लांबीचा, आडवा पडून फुटलेला आहे. २४ मीटर उंचीचा दुसरा स्तंभ मुसोलिनीच्या राजवटीने १९३७ मध्ये रोमला नेला, १९४७ च्या तहात तो परत देण्याचे कबूल झाले आणि प्रत्यक्षात तो २००५ मध्ये विमानाने, तीन तुकड्यांत, घरी आला. २००८ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. बंद दारे आणि खिडक्या कोरून बहुमजली इमारतीसारखा घडवलेला हा दगड पाहिला, की या राज्याला दोन परिच्छेद पुरे नाहीत हे पटते.

शेवटी एक विनंती. हे राज्य गोव्याला परके नाही. इथिओपियाच्या राणीचा वकील मातेउस १५१२ साली आल्बुकेर्ककडे गोव्यात आला होता. गोव्याच्या गव्हर्नरचा भाऊ क्रिस्तोव्हांव द गामा १५४१ मध्ये चारशे सैनिकांसह तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात उतरून तेथील सम्राटासाठी लढला आणि पुढच्याच वर्षी मारला गेला. आणि सप्टेंबर १५५६ मध्ये जुन्या गोव्यात उतरलेले भारतातील पहिले छापखान्याचे यंत्र मुळात इथिओपियासाठी निघाले होते, ते येथेच राहिले आणि सेंट पॉल कॉलेजात छपाई सुरू झाली. गोव्यातला मुद्रणाचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, पण त्या यंत्राचा मूळ पत्ता सांगायचे विसरतो. पुरवणीच्या पुढच्या अंकात लेखकाने अक्सुमच्या ऱ्हासाविषयीचे विधान दुरुस्त करावे, आणि शक्य झाल्यास गोवा व इथिओपिया यांच्या या संबंधांवर स्वतंत्र लेख लिहावा. जागेअभावी एकच गोष्ट छापता येणार असेल, तर दुरुस्ती आधी छापावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
डिचोली, गोवा